चंबूत शिजलेला पँटपीस

आमच्या घरात विज्ञानापायी एकच बळी गेला, तो म्हणजे माझ्या वडलांनी लग्नात जावयाला दिलेला पँटपीस. शुद्ध टेरिलीनचा. तो शुद्ध होता की नव्हता यावरच पुढचं सगळं रामायण आहे, पण तूर्त शुद्धच धरून चालू.

हल्ली घरोघरी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या साचतात. माझी नात रसायनशास्त्र शिकते. परवा ती मला समजावून सांगत होती की या बाटल्या योग्य त्या रसायनात शिजवल्या की त्यांचं तेल होतं, आणि ते तेल घातलं की कडक प्लास्टिक मऊ पडतं. वायरीवरचं वेष्टण, रेक्झिन, पावसाळी बूट, सगळं अशाच तेलानं मऊ राहतं. सांगताना तिचा थाट असा, जणू शोध काल सकाळीच लागलाय. मी म्हटलं, बाई, हे तुझ्या आजोबांनी खामगावला आमच्या मागच्या अंगणात स्टोव्हवर केलंय, आणि त्या दिवशी मी जेवढी घाबरले तेवढी तुझ्या आईच्या बाळंतपणातही घाबरले नव्हते. ती हसत सुटली. तिला वाटलं, म्हातारी फेकते आहे. मला कुणी खोटं पाडलेलं मुळीच खपत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. हे खामगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, मग नात्यानं ती कुणीही असो. मी संग्रामपूरकडची, शाळामास्तरांची मुलगी. हे पुण्याला शिकून आलेले, त्यामुळे वर्गात अगदी पुस्तकी बोलत. घरी आईशी बोलायला लागले की त्यांचं पुणं खामगावच्या अलीकडे, जलंब स्टेशनातच उतरून जाई.

यांना खोटं बोलता येत नसे. तत्त्वाची गोष्ट नंतर, मुळात जमतच नसे. कुणाच्या घरी चहा पाणचट झाला तर त्या बाईला तोंडावर सांगत की पाणचट आहे, आणि वर लगेच म्हणत, "पण गरम आहे." कारण तेही खरंच असे. अशा माणसाबरोबर संसार करताना मी किती घरांतून मान खाली घालून बाहेर पडले असेन, ते माझं मला माहीत.

आमच्या शेजारी चपलावाले भाऊ राहत. त्यांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये हातानं दाबायचं एक यंत्र बसवलं होतं आणि त्यावर ते प्लास्टिकच्या चपला काढत. उन्हाळाभर त्या चपला बऱ्या चालत. दिवाळीनंतर थंडी पडली की मात्र त्या खडावांसारख्या कडक होत आणि त्यांचं गिऱ्हाईक दिसायच्या आधी ऐकू येई. दोष भाऊंचा नव्हता. प्लास्टिक मऊ राहायला त्यात एक तेल घालावं लागतं, ते मुंबईहून यायचं, आणि यायचं म्हणजे बहुतेक वेळा यायचंच नाही. मग भाऊ ते हात आखडून घालत, आणि लोकांच्या टाचा सोलून निघत.

एक दिवस भाऊ कुंपणावरून यांना म्हणाले, "सर, तुमी एवढे शिकून आले. एक तेल नाही काढता येत तुमाले?"

झालं. तो शब्द यांना असा लागला की दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाकरीचा घास तोंडाशी नेता नेता थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "टेरिलीन!" आत्याबाईंना वाटलं, घासात खडा लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग यांनी आम्हा दोघींना समोर बसवून शिकवलं. टेरिलीनचा धागा म्हणजे एका आम्लाची लांबच लांब साखळी. मुंबईहून येणारं ते तेलही त्याच आम्लाच्या भावकीतलं. तेव्हा टेरिलीन घ्यायचं, एका जड अल्कोहोलमध्ये तासन् तास उकळायचं, म्हणजे साखळीची कडी न् कडी सुटते आणि कापडाचं तेल होतं. आज नात ज्या बाटल्यांचं कौतुक सांगते, त्यांचं प्लास्टिक म्हणजे हेच टेरिलीन, फक्त धागा न काढता बाटलीत फुगवलेलं. पण तेव्हा बाटल्या काचेच्या असत आणि टेरिलीन माणसांच्या अंगावर असे. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन् कापूस काऊन नाही शिजवत? तो त इथं ढिगानं हाय."

अल्कोहोलाची अडचण नव्हती. एरंडेल तेल कॉस्टिक सोड्याबरोबर तापवलं की तो मिळतो, आणि खामगावात तेलाला काय तोटा! यांनी तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढला. त्या वासानं दोन वर्ग घरी सोडावे लागले. विद्यार्थ्यांना हा प्रयोग अतिशय आवडला. सर, पुन्हा केव्हा, असं विचारायला तिघं-चौघं घरी आले. प्राचार्यांनी मात्र यांना बोलावून घेतलं आणि पुढचं संशोधन आपल्या घरी करावं, असं फार गोड शब्दांत सांगितलं. अशी ती प्रयोगशाळा आमच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या आणि मोरीच्या मधे येऊन बसली.

खरी अडचण टेरिलीनची होती. सुती चिंध्या मागाल तेवढ्या. पण टेरिलीन नवं होतं, फाटत नव्हतं, विटत नव्हतं. ज्याच्याकडे टेरिलीनचा शर्ट असे तो स्वतःच्या हातानं धूत असे, सावलीत वाळवत असे आणि तो वाळेपर्यंत तिथंच बसून राहत असे. हे शिंप्याकडे जाऊन आले. शिंपी म्हणाला, "कातरन? सर, टेरिलीनचं कातरन त गिऱ्हाईक मोजून घिऊन जाते."

शेवटी यांनी स्वतःच्या एकुलत्या टेरिलीन शर्टाला कात्री लावली. शर्टाचा जो भाग पँटीत खोचला जातो तो कुणाला दिसत नाही, तेव्हा तो विज्ञानाला द्यायला हरकत नसावी, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वेळी चार बोटं कापली. कापड खरंच विरघळलं आणि चमचाभर तेल निघालं. हे लहान मुलासारखे नाचले. मग आणखी चार बोटं, मग आणखी. प्रयोग वाढत गेला तसा शर्ट आखूड होत गेला. एक दिवस फळ्यावर वरच्या अंगाला सूत्र लिहायला यांनी हात उंच केला आणि पन्नास पोरांना सरांचं पोट दिसलं. त्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, "आता दुसरीकडून टेरिलीन पाहावं लागेल."

इथं मला आमच्याकडच्या आहेराबद्दल सांगितलं पाहिजे. लग्नातला आहेर आमच्याकडे वापरायला नसतोच, फिरवायला असतो. आलेलं कापड गुलाबी कागदात असतं तसंच ट्रंकेत जातं, आणि पुढचं लग्न आलं की तसंच बाहेर पडतं. आत्याबाई प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी डकवून ठेवत, कुणाकडून आलं ते लिहून, म्हणजे ज्याचं त्यालाच परत जायला नको. एक टॉवेल तर पाच-सहा मांडव फिरून आमच्याकडे पुन्हा आला होता आणि आत्याबाईंनी त्याचं माहेरवाशिणीसारखं स्वागत केलं होतं. कायदा एकच: घडी मोडायची नाही. घडी मोडली की आहेर बाटला. त्यामुळे कागदाच्या आत नेमकं काय आहे, हे जिल्ह्यात कुणालाच ठाऊक नसे. चिठ्ठीवर टेरिलीन म्हटलं म्हणजे टेरिलीन.

फक्त एक पुडा कधी फिरला नाही. माझ्या बाबांचा.

आमच्याकडे मांडवात आहेर पुकारतात. माझ्या लग्नात बाबा ते काम दुसऱ्याला देईनात. वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी स्वतः पुकारलं, "जावईबापूंना पँटपीस, शुद्ध टेरिलीन!" तो 'शुद्ध' आत्याबाईंना खटकला. त्यांनी तिथंच कागदाची कड जराशी उचलून आतलं कापड दोन बोटांत चोळलं आणि नुसतं "हं" केलं. त्या 'हं'नं माझी चार वर्षं खाल्ली. त्यांचं म्हणणं, ते टेरिकॉट आहे, म्हणजे निम्मं टेरिलीन आणि निम्मा कापूस. शिवून घ्यायला त्या देईनात, आणि बाहेर आहेरात द्यायलाही तयार नव्हत्या. "लोकाइले देल्लं आन् निघालं मिसळीचं, त माह्या नाकाचं काय?" घरात दूध पातळ आलं की म्हणायच्या, "हे बी शुद्धच असन, मास्तरच्या हिशोबानं." माझ्या पोळीला चिकटलेलं पीठ, माझ्या हातचं ताक, माझा ताप, सगळं त्यांच्या लेखी शुद्ध होतं. मी चरफडत असे. उत्तर देत नसे, पण भांडी जोरात आपटत असे.

उत्तर न द्यायला कारण होतं. बाबांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं, पण कापडातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदार शुद्ध म्हणाला, बाबांनी मांडवात शुद्ध पुकारलं. समोरच्या माणसावर त्यांचा भरवसा असायचाच. मला आतून भीती होती की आत्याबाईंच्या बोटांना बरोबर कळलंय. पण पुड्याची घडी मोडत नव्हती तोवर ते कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं, आणि माझ्या बाबांचा शब्द त्या गुलाबी कागदात सुरक्षित होता.

आणि आमच्या शास्त्रज्ञांनी आईकडे नेमका तोच पुडा मागितला.

"तो पँटपीस दे आई. पडूनच हाय न."

"काऊन बाप्पा?"

"शिजवतो." मग यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता समजावलं, की टेरिलीन असेल तेवढं सगळं विरघळून जातं. कापूस मिसळलेला असला तर कापूस विरघळत नाही, तो जाळीसारखा खाली उरतो. म्हणजे तेलही मिळेल आणि कापड कसं होतं तेही कळेल.

"कापूस उरते? हाव?" आत्याबाईंचा चेहरा उजळला. तीन महिने त्या अंगणातल्या वासाच्या नावानं खडे फोडत होत्या, शिजवायच्या काचेच्या चंबूला हात लावायच्या नाहीत, त्याच्यावरून पदर गेला तरी पदर झटकायच्या. त्या आता गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि स्वतः ट्रंकेचं कुलूप उघडायला गेल्या. आमच्या घरात विज्ञानाला पाठिंबा मिळाला तो असा.

मी यांना एकटं गाठलं. म्हटलं, माझ्या माहेरची आठवण आहे ती. तर म्हणाले, आठवणच राहील. उद्या सगळं खामगाव तुझ्या बाबांच्या कापडावर चालेल. मी म्हटलं, आणि कापूस निघाला तर? तर म्हणाले, मग प्रमाण काढता येईल. मी कपाळाला हात लावला. मग कुंपणावरून चपलावाल्या भाऊंना म्हटलं, की तेल नकोच म्हणून सांगा. ते म्हणाले, "वहिनी, काल माह्या चपलेनं एका गिऱ्हाइकाची टाच फाटली. तेल त पाह्यजेच."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. गुरुवारी बाबांचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, "आपले निमंत्रण पोचले. रविवारी पहिल्या एसटीने येतो. आपण दिलेली वस्तू शास्त्राच्या उपयोगी पडते आहे याचा अभिमान वाटला." यांनी मला न विचारता बाबांना बोलावलं होतं! मान म्हणून! ज्यानं दिलं त्याच्या समोरच प्रयोग व्हायला हवा, हाच खरा सत्कार, असं यांना मनापासून वाटत होतं. मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. ते यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी बाबा आले. परीटघडीचं धोतर, कोट, टोपी, हातात भेटीच्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पिशवी. आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन सामोऱ्या गेल्या. "या, इवाईबुवा. उन्हाचं आले." इवाई म्हणजे व्याही. त्यांनी बाबांना अंगणात हातांची खुर्ची दिली, चहा दिला आणि त्या दिवशी पुरण घातलं. पुरण! वर्षात चार वेळा घालायच्या त्या. मला वाटलं, बकऱ्याला आधी माळ घालतात, त्यातलाच हा प्रकार. 

यांनी सगळ्यांसमोर घडी मोडली. कॉफीच्या रंगाचं कापड होतं, चार वर्षांत पहिल्यांदा उजेडात आलेलं. कात्रीचा पहिला आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकून म्हणत होते, "कापा, जावईबापू, कापा. बिनधास्त कापा." दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कापून हे काचेच्या कांडीनं चंबूच्या अरुंद गळ्यातून एक-एक आत ढकलत होते. मग एरंडेलाचा तो अल्कोहोल, चिमूटभर जस्ताचा क्षार. स्टोव्हवर वाळूची कढई, वाळूत चंबू, चंबूवर उभी नळी. नळी गार राहावी म्हणून वरून पाणी ओतत राहायचं काम मला दिलं होतं. म्हणजे माझ्या बापाचा शब्द शिजत होता आणि मी त्यावर तांब्यानं पाणी घालत होते.

वास सुटला. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. मागच्या आळीतली एक बकरी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि हलेचना. चपलावाले भाऊ नाकाला उपरणं लावून बघायला आले. बाबांना वासाचं काहीच वाटलं नाही; ते यांना प्रश्न विचारत होते आणि हे कुणीतरी प्रश्न विचारतंय म्हणून खुशीत होते. आत्याबाई स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी यायच्या, कमरेवर हात ठेवून चंबूत वाकून बघायच्या आणि परत पुरणाकडे जायच्या. पट्ट्या आत वळवळत होत्या, पातळ होत होत्या. मी मनात सगळ्या देवांना सांगत होते, जाऊ दे, सगळं विरघळून जाऊ दे.

जेवणं झाली. आत्याबाईंनी बाबांच्या पोळीवर इतकं तूप ओतलं की ताटाबाहेर ओघळ आला. पोटभर पुरण आणि वर दुपार, बाबा खुर्चीतच पेंगले. चारच्या सुमाराला यांनी स्टोव्हची हवा सोडली. चंबू गार होत गेला, आतलं तपकिरी पाणी हळूहळू निवळलं.

तळाशी पट्ट्या होत्या.

दोन-दोन बोटं रुंद, जशा आत गेल्या तशाच, फक्त गाळण्याच्या कापडासारख्या झिरझिरीत. कापूस. थोडाथोडका नव्हे, निम्मा असेल.  मी वर पाहिलं तर आत्याबाई केव्हाच येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी माझ्या आधी पाहिलं होतं. चार वर्षं त्या ज्या क्षणाची वाट बघत होत्या तो समोर चंबूत पडला होता. यांनीही वाकून पाहिलं. यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना, कारण प्रयोग अगदी सांगितल्याबरहुकूम झाला होता. यांनी घोषणा करायला श्वास घेतला.

तेवढ्यात बाबा जागे झाले. टोपी सारखी करून खुर्चीतून वाकले. "झालं काय, जावईबापू? काही उरलं काय?"

"उरन नाही त काय होईन!" आत्याबाई म्हणाल्या. "माही चिंधी हाय ते."

आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघायला लागलो.

"सकाळी हे भांडं म्याच पुसलं न, इवाईबुवा. कंदिलाची काच पुसतो का नाही आपन, चिंधी कोंबून, तसं. आन् काढाची राहूनच गेली. म्हातारपन हो, दुसरं काय."

यांचं तोंड उघडं पडलं. "आई, तू त या चंबूले कदी हात बी..."

"तू चूप बस. तुले काय समजते चिंध्यातलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, मला माहीत नाही. काहीतरी भयंकरच दिसला असणार, कारण उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, माझ्या नवऱ्यानं खरं माहीत असून तोंड मिटलं. मिटताना त्यांना त्रास होत होता, ते स्पष्ट दिसत होतं.

"मग आमचं कापड?" बाबांनी विचारलं.

"ते? ते कवाचंच इरघळलं. साखरेवानी. दिसलं बी नाही."

बाबा खुर्चीत मागे टेकले. मोठ्या समाधानानं त्यांनी चपलावाल्या भाऊंकडे पाहिलं. "म्या मांडवात पुकारलं होतं." भाऊ नाकावरच्या उपरण्यातून म्हणाले, "हो न, मास्तर." त्यांना एव्हाना चक्कर येत होती.

बाबा साडेपाचच्या गाडीनं परत गेले. जाताना यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की आईवर रागावू नका, वय झालं की माणसाकडून चिंधी राहते. हे "हो" म्हणाले. नंतर हे प्रयोगाची वही घेऊन बसले आणि बाकीचे सगळे रकाने भरून काढले. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, "उरलेल्या कापसाच्या रकान्यात काय लिहू?"

"आईची चिंधी, असं लिही."

यांनी तसं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. कोरड्या पट्ट्यांचं वजन लिहिलंय आणि पुढे, आईची चिंधी. अक्षर मात्र तेवढ्या ओळीपुरतं वाकडं आलंय.

तेलाचं म्हणाल तर ते निघालं, पावशेरभर. भाऊंनी ते सगळंच्या सगळं एकाच घाण्यात ओतलं, आणि त्या चपला इतक्या मऊ झाल्या की माणूस पुढे निघून जाई आणि चपला मागे राहत. शिवाय एरंडेलाचा वास. घालून देवळात गेलं तर चपला चोरीला जाण्याची भीती उरली नाही, हा एक फायदा. पुढे मुंबईचं तेल नीट मिळायला लागलं, आणि आमचं अंगण पुन्हा तुळशीच्या ताब्यात आलं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी आणि आत्याबाई अंगण धूत होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, चार वर्षं तुम्ही मला त्या पँटपिसावरून बोलत होतात. आज तुमचं खरं निघालं होतं. मग?"

त्यांनी खराटा थांबवला. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"चार वर्सं मी बोलली, ते तुले बोलली. त्याइले कदी बोलली काय?"

मला रागवायचं होतं. चार वर्षांचा साठलेला राग होता माझ्याकडे, चांगला मुरलेला. पण आधी हसूच फुटलं आणि मग रडू आलं, आणि ते थांबेचना. त्या म्हणाल्या, "रडून नको राहू. पानी ओत. आन् तुले त मी उद्या बी बोलनच, त्याचं अलग हाय."

आणि बोलल्या. दुसऱ्याच दिवशी, वरणात मीठ जास्त झालं म्हणून. पुढेही वीस-बावीस वर्षं मनसोक्त बोलल्या. पण त्या पँटपिसाचं नाव पुन्हा काढलं नाही, ना माझ्यापाशी, ना कुणापाशी. बाबा मात्र ते नाव सतत काढत. आमच्याकडे आले आणि घरात चार माणसं असली की त्यांची ती गोष्ट सुरू होई, की लोक आहेरात काय काय देतात, पण आमच्या कापडाची जावयांनी शास्त्रानं परीक्षा घेतली, सहा तास शिजवलं, आणि तळाशी काहीसुद्धा उरलं नाही. मग ते साक्षीला आत्याबाईंकडे बघत. आणि आत्याबाई हातातलं काम थांबवून, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणत, "हाव. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."